बरगडीच्या कूर्चेतील जंतुसंसर्ग : जखम का वाहत राहते आणि शस्त्रक्रियेत काय करतात

छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला किंवा फासळ्यांची कमान पोटावर जिथे संपते तिथे एक लहानसे भोक पडलेले असते. त्यातून रोज थोडा पू येतो, बनियनवर डाग पडतो, ड्रेसिंग बदलावे लागते. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की भोक बुजते, घरच्यांना हायसे वाटते आणि काही आठवड्यांत त्याच जागी किंवा बोटभर अंतरावर कातडी पुन्हा लाल होऊन फुटते. मग कुणीतरी चिरा देऊन पू काढतो, जखम खरवडतो आणि पहिल्यापासून सगळे सुरू होते. महिनोन्महिने असे चालणारे दुखणे पुष्कळदा कातडीचे नसतेच; खाली बरगडीला छातीच्या हाडाशी जोडणारी कूर्चा सडलेली असते. हा आजार दुर्मीळ आहे, पण त्यातला बराचसा त्रास टाळता येण्याजोगा असतो, कारण उपचार फसतात ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी : कोणता जंतू आहे हे न पाहता घाईने चिरा दिला जातो, किंवा शस्त्रक्रिया करूनही मेलेली कूर्चा अर्धवट मागे ठेवली जाते.

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. प्रत्येक बरगडी पाठीच्या कण्यापासून निघून पुढे वळते, पण छातीच्या मधल्या सपाट हाडापर्यंत, म्हणजे उरोस्थीपर्यंत, ती हाड म्हणून पोहोचत नाही. शेवटचा काही सेंटीमीटरचा टप्पा कूर्चेचा असतो. ही पांढरी, गुळगुळीत आणि किंचित लवचीक कूर्चा असते म्हणून श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगू शकतो. वरच्या ७ जोड्यांच्या कूर्चा आपापल्या वाटेने उरोस्थीला मिळतात. ८व्या, ९व्या आणि १०व्या बरगडीची कूर्चा मात्र तिथवर न जाता आपल्या वरच्या कूर्चेला जाऊन चिकटते आणि त्यातून, बारीक माणसाच्या पोटाच्या वर स्पष्ट दिसते, ती कमान तयार होते. शेवटच्या २ जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. शाळेत पाठ करून विसरलेला हा तपशील इथे महत्त्वाचा आहे, कारण सर्जन किती कापणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. निरोगी कूर्चेच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिच्याभोवती एक चिवट, पातळ आवरण असते. रक्तवाहिन्या त्या आवरणात असतात आणि तिथून पोषण हळूहळू आत झिरपते. ही व्यवस्था एरवी पुरेशी असते, पण एकदा पू आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये शिरला आणि आवरण सुटून आले, की उघडा पडलेला कूर्चेचा भाग उपाशी राहून मरतो. हाडाला जखम झाली तर त्यात रक्त येते, नवे अंकुर फुटतात, शरीराच्या पेशी मेलेला भाग खाऊन टाकू लागतात. कूर्चेच्या बाबतीत हे फार मंद गतीने होते किंवा होतच नाही. रक्तातून येणारे अँटिबायोटिकही जिथे रक्तच जात नाही तिथे पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. पायात रुतलेला काटा निघेपर्यंत जखम जशी भरत नाही, तशी ही मेलेली कूर्चा आत असेपर्यंत वरचे भोक कायमचे मिटत नाही. औषध घेतल्यावर आजूबाजूची सूज उतरते, एवढाच त्या तात्पुरत्या बरे वाटण्याचा अर्थ असतो.

जंतू तिथे पोहोचतात ते दोन वाटांनी. पहिली वाट रक्ताची. विषमज्वराचे (टायफॉइडचे) जंतू ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, बरगडीच्या कूर्चेत डोके वर काढतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या यादवी युद्धात रशियात टायफस (विषमज्वराहून वेगळा, उवांमुळे पसरणारा ताप) आणि पुनरावर्ती, म्हणजे उतरून पुन्हा पुन्हा चढणाऱ्या, तापाच्या प्रचंड साथी आल्या, आणि त्यांच्यामागोमाग बरगड्यांच्या कूर्चेत पू झालेले रुग्ण तिथल्या शल्यचिकित्सकांकडे मोठ्या संख्येने येऊ लागले. या विषयाचा बारकाईने केलेला अभ्यास रशियन वैद्यकात जास्त सापडतो, त्यामागे हे कारण आहे. ताश्कंदमध्ये काम केलेले व्होयनो-यासेनेत्स्की हे शल्यचिकित्सक असतानाच ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशपही होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवास व हद्दपारीही सोसली. पुवाच्या विकारांवरील शस्त्रक्रियेविषयी त्यांचा जो ग्रंथ १९३४ साली निघाला, त्यात त्यांनी बरगड्यांच्या कूर्चेचाही विचार केला आहे. पुढे १९८०च्या दशकात युरोपात, विशेषतः स्पेनमध्ये, शिरेतून हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग कूर्चेपर्यंत गेल्याचे दिसले. तपकिरी हेरॉइन विरघळवण्यासाठी वापरला जाणारा लिंबाचा रस हा त्या बुरशीचा एक स्रोत निघाला.

दुसरी वाट थेट बाहेरून आत जाण्याची, आणि आज मोठ्या रुग्णालयांत हीच जास्त दिसते. बायपास किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया करताना उरोस्थी मधोमध उभी कापावी लागते आणि नंतर ती तारांनी बांधतात. बायपाससाठी छातीच्या आतली जी धमनी काढून हृदयावर जोडतात, तीच धमनी उरोस्थीला आणि तिच्या कडेच्या भागाला रक्त देत असते. दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरल्या आणि रुग्णाला मधुमेह असला, तर त्या भागात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. याशिवाय छातीला लागलेला मार, छातीत घातलेली नळी, स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेला किरणोपचार आणि नाक किंवा कान घडवण्यासाठी बरगडीतून काढलेली कूर्चा ही निमित्तेही आहेत. आपल्याकडे आणखी एका प्रकाराची भर घालावी लागते. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना एक छिद्र उरोस्थीच्या टोकाखाली, कमानीला लागूनच घेतात. उपकरणे नीट निर्जंतुक झालेली नसली किंवा नळाच्या पाण्याने धुतलेली असली, तर क्षयाच्या जंतूंचे पाण्यात राहणारे भाऊबंद त्या छिद्रातून शिरतात आणि काही आठवड्यांनी तिथे गाठ येऊन फुटते.

इथे एक खुलासा आधीच करायला हवा, कारण छातीच्या कडेला दुखणारा प्रत्येक माणूस हा लेख वाचून घाबरायला नको. बरगडी आणि कूर्चा यांच्या सांध्यावर दाबले की दुखते, खोकताना किंवा कूस बदलताना कळ येते, पण सूज नाही, ताप नाही, पू नाही, असा त्रास पुष्कळ लोकांना होतो. तो जंतूंचा नसतो आणि विश्रांती, शेक व वेदनाशामक गोळ्यांनी शमतो. ब्रेस्लाऊचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर टीट्झे यांनी १९२१ साली वर्णन केलेल्या विकारात दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीच्या कूर्चेवर दुखरी सूजही येते, पण तिथेही पू होत नाही. अर्थात छातीत दुखण्याचे कारण हृदय नाही याची खात्री डॉक्टरांनी आधी करून घ्यायची असते. उलट दिशेची चूकही होते : फासळीवरची वाढणारी टणक गाठ जंतुसंसर्ग समजून औषधे दिली जातात आणि प्रत्यक्षात ती कूर्चेचा कर्करोग निघते. म्हणूनच गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मोठा निर्णय घेतला जात नाही.

निदानातली पहिली अडचण अशी की साध्या एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही, फक्त वयपरत्वे तिच्यात साचलेला चुना दिसतो. त्यामुळे एक्स-रे ठीक आहे म्हणून रुग्णाला परत पाठवले जाते, हा अनुभव बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. सोनोग्राफीत कूर्चेभोवतीचा पू आणि कुरतडलेली कड चांगली कळते, आणि पाहता पाहता सुईने नमुनाही घेता येतो. सिटी स्कॅनमध्ये कोणत्या बरगड्यांना लागण झाली आहे, पू छातीच्या आत उतरला आहे का, उरोस्थी पोखरली आहे का, हे समजते. एमआरआयमध्ये मऊ भागाचा विस्तार अधिक स्पष्ट होतो. बायपासनंतरच्या गुंतागुंतीच्या जखमेत पेट स्कॅनचाही उपयोग करतात. फुप्फुसाभोवती साचलेला पू छातीची भिंत फोडून बाहेर येतो तेव्हाही वरून चित्र असेच दिसते, म्हणून छातीच्या आत पाहिल्याशिवाय वरच्या गाठीला हात लावू नये.

स्कॅनपेक्षाही महत्त्वाचा असतो तो नमुना. भोकाच्या तोंडावरचा पू कापसाच्या बोळ्यावर घेऊन कल्चरला पाठवला तर कातडीवरचे जंतूच वाढतात आणि अहवाल दिशाभूल करतो. आतला पू सुईने ओढून किंवा खोलवरचा तुकडा काढून तो साधे जंतू, बुरशी, क्षयाचे जंतू आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अशा चारही वाटांनी पाठवायला हवा. क्षयासाठी आता जनुकीय तपासणी काही तासांत उत्तर देते. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट हे त्यासाठीचे छोटे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मान्य केले आणि ते आपल्याकडे अनेक सरकारी केंद्रांत आहे. पाण्यातले क्षयसदृश जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या जंतूंसारखेच दिसतात, पण त्यांना क्षयाची नेहमीची औषधे बहुधा लागू पडत नाहीत; तिथे क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी वेगळी औषधे जोडीने आणि दीर्घकाळ द्यावी लागतात. कल्चर न करता 'क्षयच असेल' म्हणून सुरू केलेली औषधे अशा रुग्णाला सहा महिने उगाच खावी लागतात.

खऱ्या क्षयाची गोष्ट मात्र निराळी, आणि भारतात ती प्रथम लक्षात घ्यावी लागते. छातीच्या भिंतीवरची क्षयाची गाठ लाल नसते, हाताला गरम लागत नाही, फारशी दुखत नाही. म्हणूनच तिला थंड गळू म्हणतात. ती मोठा चिरा देऊन उघडली तर आतला पू निघतो, पण जखम भरण्याऐवजी वाहती राहते आणि तिच्यात इतर जंतूंची भर पडते. सुईने पू काढायचा असला तरी सुई थेट गाठीच्या टोकावर न टोचता शेजारच्या निरोगी कातडीतून, वरच्या बाजूने तिरकी घालतात, म्हणजे नंतर त्या वाटेने पू झिरपत नाही. बहुसंख्य रुग्णांत क्षयाची औषधेच काम करतात. ही औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत मिळतात, निक्षय पोर्टलवर नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात, आणि हाडाला लागण असल्यास उपचार नेहमीच्या ६ महिन्यांऐवजी वर्षभर किंवा त्याहून अधिक चालू ठेवतात. शस्त्रक्रिया इथे नंतर येते : औषधांनी गाठ कमी होत नसेल, निदानच पक्के होत नसेल, किंवा मेलेली कूर्चा आणि हाड आत अडकून जखम वाहतच राहिली असेल तर. मला स्वतःला असे वाटते की छातीवरची न दुखणारी गाठ 'फोड' म्हणून छोट्या दवाखान्यात फोडण्याची घाई ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महागात पडणारी घाई आहे.

साध्या पू करणाऱ्या जंतूंच्या आणि बुरशीच्या बाबतीत उलट आहे. तिथे औषध आवश्यक असते, पण कूर्चा मेली असेल तर ते एकटे सहसा पुरत नाही, आणि वारंवार थोडे थोडे खरवडणे हे उपचार न करण्यासारखेच असते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक मॉश्कोविट्झ यांनी १९१८ साली या विकारांच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला तेव्हा अँटिबायोटिके नव्हती, त्यामुळे कूर्चा किती काढायची याचा विचार अधिक कठोरपणे करावा लागत होता. पेनिसिलिननंतर तो कठोरपणा सैल झाला. पण कूर्चेचा रक्तपुरवठा काही बदलला नाही, आणि रोगट कूर्चा पूर्ण काढावी हे त्या पिढीचे मूळ तत्त्व आजही टिकून आहे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. जुनी भोके आणि पुवाची वाट कळावी म्हणून काही सर्जन भोकातून निळा रंग आत सोडतात. मग जिथे जिथे निळे दिसेल तिथवर रोग पसरलेला आहे असे धरून चालतात. भोकांसकट खराब कातडी काढून चिरा बरगडीच्या रेषेत घेतात आणि छातीचा मोठा स्नायू तोडण्याऐवजी त्याच्या तंतूंच्या दिशेने विलग करतात. आत कूर्चा दिसू लागली की रोगट भाग ओळखणे डोळ्यांवर आणि बोटांवर अवलंबून असते. निरोगी कूर्चा मोत्यासारखी पांढरी, किंचित निळसर, चकचकीत आणि टणक असते. तिचे आवरण ओढून काढावे लागते. मेलेली कूर्चा पिवळट, निस्तेज, कुरतडलेली असते, चिमट्याने तिचा चुरा होतो, आणि आवरण तिच्यापासून आपोआप सुटलेले असते, मध्ये घट्ट पू किंवा पिवळसर पापुद्रे असतात.

कापण्याची सीमा इथे ठरते. कूर्चेच्या मधोमध, दिसायला निरोगी जागी कापून थांबले, तर मागे राहिलेले उघडे टोक पुवाच्या जखमेत राहते, त्यावर रक्त पोहोचत नाही, आणि काही आठवड्यांत तेच टोक सडून नवे भोक पडते. म्हणून बाहेरच्या बाजूला बरगडीच्या हाडापर्यंत, रक्त येणारे हाड दिसेपर्यंत, आणि आतल्या बाजूला उरोस्थीपर्यंत जाऊन संपूर्ण कूर्चा काढतात. एखाद्या कारणाने कूर्चेचे टोक ठेवावेच लागले, तर ते उघडे न ठेवता जिवंत स्नायूने किंवा आवरणाने झाकतात. वरच्या पाच कूर्चा एकमेकींपासून सुट्या असल्यामुळे तिथे रोगट तेवढी एकच काढून भागते. खालच्या कमानीत मात्र कूर्चा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पू एकीतून दुसरीत सहज सरकतो, आणि शेजारची निरोगी दिसणारी कूर्चा वाचवण्याचा मोह अनेकदा दुसऱ्या शस्त्रक्रियेचे कारण ठरतो. तिथे एका बाजूची कमान बरीचशी किंवा सगळीच काढावी लागू शकते. दोन्ही बाजूंच्या सातव्या कूर्चा उरोस्थीच्या टोकाजवळ एकमेकींच्या अगदी जवळ येत असल्याने क्वचित संसर्ग डावीकडून उजवीकडेही ओलांडतो. तेवढ्यासाठी सर्जन तो कोपरा तपासून घेतात.

हे काम नाजूक आहे, याचे कारण कूर्चेच्या मागे काय आहे ते पाहिले की कळते. उरोस्थीच्या कडेपासून साधारण १ ते दीड सेंटीमीटरवर छातीच्या आतली ती धमनी उभी जाते. ती फाटली तर रक्तस्राव मोठा होतो, म्हणून गरज पडेल तिथे ती आधीच बांधतात. तिच्या मागे फुप्फुसाचे आवरण, डावीकडे हृदयाचे आवरण, आणि खालच्या कमानीच्या आतल्या पृष्ठावर श्वासपटल चिकटलेले असते. कूर्चेचे मागचे आवरण जपून कूर्चा त्यातून सोलून काढली तर हे सारे सुरक्षित राहते. तरीही जुन्या सुजेत सगळे एकमेकांना चिकटलेले असते आणि फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकते. तसे झाल्यास ते शिवून छातीत काही दिवस नळी ठेवतात. पुवाच्या जखमेतून छातीच्या आत जंतू जाणे हा यातला खरा धोका, आणि हे काम छातीच्या शस्त्रक्रियेची सवय असलेल्या सर्जनकडेच द्यावे, असे म्हणण्याचे कारणही हेच.

कूर्चा निघाल्यावर उरलेली पोकळी रिकामी सोडता येत नाही; त्यात रक्त आणि द्रव साचून पुन्हा पू होतो. वरच्या भागात छातीचा मोठा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह वळवून पोकळीत बसवतात. खालच्या भागासाठी पोटाच्या पुढचा सरळ स्नायू उपयोगी पडतो, पण त्याचा वरचा रक्तपुरवठा छातीच्या आतल्या त्याच धमनीतून येतो. बायपासमध्ये त्या बाजूची धमनी वापरली गेली असेल तर तो स्नायू भरवशाचा राहत नाही. अशा वेळी पाठीचा रुंद स्नायू किंवा पोटातली आतड्यांवर लोंबणारी चरबीची झालर वर ओढून घेतात. भरपूर रक्त असलेला हा जिवंत तुकडा नुसती जागा भरत नाही, तर जिथे कधी रक्त नव्हते तिथे रक्त आणि त्यातून अँटिबायोटिक पोहोचवतो. जखम फारच घाण असेल तर पहिल्या दिवशी फक्त मेलेला भाग काढून वर स्पंज आणि हवाबंद फिल्म लावून यंत्राने सतत शोषण चालू ठेवतात, आणि जखम लाल, स्वच्छ झाल्यावर दुसऱ्या खेपेला स्नायू वळवून टाके घालतात. मधुमेही आणि अशक्त रुग्णात ही दोन टप्प्यांची वाट मला अधिक सुरक्षित वाटते, जरी त्यात रुग्णालयातला मुक्काम लांबतो.

शस्त्रक्रियेनंतर जंतूच्या अहवालानुसार औषधे साधारण ४ ते ६ आठवडे देतात. हाडातही लागण असेल किंवा बुरशी असेल तर ती कित्येक महिने चालतात, कॅन्डिडाच्या बाबतीत फ्लुकोनॅझोल ६ ते १२ महिनेही. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर सर्जनचे हात कितीही कुशल असोत, जखम उलते. तंबाखू आणि सिगारेट यांचाही त्या वळवलेल्या स्नायूच्या रक्तपुरवठ्याशी थेट संबंध आहे. सुरुवातीचे काही दिवस दुखण्याच्या भीतीने माणूस उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, त्यामुळे वेदनाशामक वेळेवर घेणे आणि तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्राने दिवसातून अनेकदा श्वासाचा व्यायाम करणे टाळू नये. खोकताना छातीवर उशी दाबून धरली की दुखणे सुसह्य होते.

'बरगडीचा तुकडा काढला तर छाती आत नाही का जाणार?' हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. एका बाजूच्या एक-दोन कूर्चा काढल्याने श्वासोच्छ्वासात सहसा लक्षणीय फरक पडत नाही. काही आठवड्यांत तिथे चिवट तंतूंचा थर तयार होतो आणि वर स्नायू असतोच. वरून थोडा खड्डा दिसू शकतो आणि खोल श्वास घेताना ती जागा किंचित आत ओढली जाताना दिसते. अनेक कूर्चा आणि उरोस्थीचा भाग मिळून काढावा लागला तर मात्र भिंत डळमळीत होते आणि काही दिवस श्वासाला यंत्राचा आधार लागू शकतो. जंतुसंसर्ग असताना तिथे धातूची पट्टी किंवा जाळी बसवणे सर्जन शक्यतो टाळतात, कारण परकी वस्तू जंतूंना आसरा देते. लहान मुलांत मागे ठेवलेल्या आवरणापासून नवी कूर्चा काही प्रमाणात तयार होते, प्रौढांत तेवढी अपेक्षा धरता येत नाही.

टाके काढल्यानंतर जखम पुन्हा ओलावू लागली तर ती जवळच्या दवाखान्यात खरवडून घेऊ नये. अशा वेळी आधीच्या शस्त्रक्रियेची नोंद, काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल, कल्चरचे सगळे कागद आणि जुन्या सिटी स्कॅनची सीडी घेऊन मूळ सर्जनकडे जावे. कोणती कूर्चा पूर्ण निघाली आणि कोणत्या कूर्चेचे टोक ठेवले होते हे त्या नोंदीतच लिहिलेले असते, आणि नवा पू बहुतेक वेळा त्या टोकाशी किंवा शेजारच्या न काढलेल्या कूर्चेपाशीच सापडतो.